आधी वजाबाकी

माई,
मी ४४ वर्षांची. कारेलीबागेत राहते, अलकापुरीत एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. घरी नवरा, दहावीतली मुलगी आणि ७३ वर्षांच्या सासूबाई. तसं बघायला गेलं तर आमच्याकडे वाईट काही झालेलं नाही. सगळे धडधाकट, पगार वेळेवर. तरी माझं डोकं सतत तापलेलं. रात्री तीनला जाग येते आणि चक्र सुरू होतं: ऑफिसच्या कुठल्या ग्राहकाचा, आमच्या भाषेत पार्टीचा, टीडीएस भरायचा राहिला, गॅसचं बिल, मुलीची फी, सासूबाईंच्या गोळ्या. गेल्या आठवड्यात मुलीने 'माझी निळी वही कुठाय' एवढंच विचारलं आणि मी हातातला डबा आपटला. भाजी भिंतीवर. २०२४ च्या पुरात घरात कमरेएवढं पाणी होतं, तेव्हापासून पावसाळाभर मोबाइलवर विश्वामित्री नदीची पातळी बघत असते. नवरा पाळीने कामाला जातो. 'सांग ना, मी करतो' म्हणतो. सोसायटीचा हिशेब माझ्याकडे, नातेवाइकांची रिटर्नंही मीच भरते. सगळे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस, योगा कर. पहाटेच्या बॅचचे तीन महिन्यांचे पैसे भरले, चार दिवस गेले. आता न गेल्याचंही टेन्शन. मी मनाने कमकुवत आहे का?
– एक दमलेली, बडोदे


अगं, माई म्हणतेस तर अहोजाहो काही मी करणार नाही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: नाही. कमकुवत माणसाला इतक्या तारखा पाठ नसतात. सातला टीडीएस, अकराला जीएसटीचं जीएसटीआर-१ विवरण, पंधराला पीएफ, वीसला जीएसटीचंच ३बी, आणि तेही एकाचं नाही, ऑफिसातल्या सगळ्या पार्ट्यांचं. ते उरकलं की घरच्या तारखा सुरू. तुझ्या डोक्यात तसूभर जागा उरलेली नाही. त्याला कमकुवतपणा म्हणत नाहीत.

'वाईट काही झालेलं नाही' असं लिहिलंयस, त्यावरून मात्र मला तुझ्याशी भांडायचंय. आपल्याकडे दमायलासुद्धा पात्रता लागते. घरात कुणी गेलं, कुणाचं ऑपरेशन झालं, नोकरी सुटली, की मग बाईने दोन दिवस अंथरूण धरलं तरी चालतं. एरवी 'तुला काय कमी आहे?' अभ्यासकही बराच काळ मोठ्या घटनाच मोजत बसले होते. १९६७ साली होम्स आणि राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू म्हणजे १००, मग तिथून खाली. पुढे १९८१ मध्ये रिचर्ड लाझारस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या शंभर मध्यमवयीन माणसांना महिन्यामागून महिने विचारलं, की मोठं राहू द्या, रोजची कटकट काय ते सांगा. वरच्या नंबरांत काय आलं असेल? घरातल्या कुणाची तब्येत, वाढते भाव, घराची दुरुस्ती, कामं फार आणि वेळ नाही, वस्तू सापडत नाहीत. कारेलीबागेतल्या ओट्यावर बसून लिहिल्यासारखी यादी. आणि माणसाला मानसिक त्रास किती होतोय याचा अंदाज त्या मोठ्या घटनांपेक्षा या किरकोळ कटकटींवरूनच जास्त नीट बांधता आला.

तेव्हा कारण पुरेसं आहे. कुणाकडून मंजुरी आणायची गरज नाही.

आता त्या डब्याचं. मुलीने वही विचारली तेव्हा तुझं अंग आधीच लढायला उभं होतं. जबडा आवळलेला, खांदे कानाशी, पोटात आग. रेल्वेखालच्या गरनाळ्यात पाणी भरलं म्हणून जेतलपूरच्या पुलावरून वळसा घालून आली असशील, वाटेत पार्टीचा फोन, दारात सोसायटीतलं कुणीतरी. अशा वेळी रक्तात जे उसळतं, त्यातलं ॲड्रेनलीन काही सेकंदांत चढतं. कॉर्टिसोल सावकाश चढतं आणि उतरायलाही वेळ घेतं. एक उतरायच्या आत दुसरं कारण हजर झालं की अंग पूर्ण खाली येतच नाही. मग निळी वही पुरते.

मुलीजवळ जा आणि सांग, 'त्या दिवशी डबा आपटला ते माझं चुकलं. तू चुकीचं काही विचारलं नव्हतंस.' इथेच थांब. पुढे 'पण मला किती कामं असतात बघतेस ना' हे जोडू नकोस, नाहीतर माफी मागता मागता बिल तिच्याच नावावर फाडशील. आणि हो, दहावीतल्या मुलीची वही दहावीतल्या मुलीने शोधायची. हे पण सांग, पण दुसऱ्या दिवशी.

तुला लोक जे जे सुचवतायत ते सगळं बेरजेचं आहे. योगा कर, ध्यान कर, चालायला जा, डायरी लिही, मोबाइलमध्ये अमुक ॲप घाल. सगळं चांगलंच. पण भरलेल्या दिवसात ते घालायचं कुठे? 'हे काम सोड' असं एकाही माणसाने तुला म्हटलेलं नाही, हे लक्षात आलं का? तू सोडलेलं काम कुणाला तरी उचलावं लागेल ना. म्हणून सल्ला नेहमी श्वासाचा मिळतो, हिशेबाच्या वहीचा मिळत नाही.

योगावर माझा राग नाही. आपल्याच बडोद्यात जानेवारी १९०८ मध्ये योगी विष्णू भास्कर लेले यांनी श्रीअरविंदांना ध्यानाला बसवलं होतं. सरदार मजुमदारांच्या वाड्यात, वरच्या खोलीत, तीन दिवस. पण त्यासाठी आधी त्यांना माणसांच्या गराड्यातून बाजूला नेलं होतं. मन शांत करायचं तर आधी दार लावावं लागलं, तेही अरविंदबाबूंना! तू दार सताड उघडं ठेवून साडेपाचला प्राणायाम करायला निघाली आहेस.

म्हणून आधी काढून टाकायचं. पहिला नंबर सोसायटीच्या हिशेबाचा.

'तुम्हाला काय, चुटकीसरशी होतं' हे वाक्य मी सोसायट्यांच्या मीटिंगांत इतक्यांदा ऐकलंय की ज्या बाईला हिशेब येतो तिने तो लपवून ठेवावा असं वाटायला लागलंय. चुटकीसरशी काहीही होत नाही. कुणी मेंटेनन्स अर्धाच टाकलेला, लिफ्टवाल्याचं बिल वाढलेलं, वॉचमन उचल मागतोय, आणि रविवारी तू केसांना तेल लावून बसलीस की बेल वाजते, 'जरा बघून घ्या ना.' ग्रुपवर एवढंच टाक: 'या महिनाअखेरपर्यंतचा हिशेब पूर्ण करून वही आणि पासबुक कमिटीकडे देत आहे. पुढचं काम दुसऱ्या कुणीतरी घ्यावं.' कारण अजिबात लिहू नकोस. मुलीची दहावी म्हणालीस की 'मग मार्चनंतर घ्या' येईल. ऑफिस म्हणालीस की 'रविवारी करा ना' येईल. कारण दिलं की समोरचा त्यावर तोड काढतो. आपल्या लोकांचा त्यात हात कुणी धरणार नाही. कारणच नसेल तर बोलणार कशावर? दोन दिवस ग्रुपवर शांतता होईल, कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकेल. ते पचव. सोसायटी बुडत नाही.

रिटर्नं सोपी आहेत. ३१ जुलैच्या आधी ज्यांचे फोन येतात त्यांना ऑफिसचा पत्ता दे आणि फी सांग. निम्मे तिथेच गळतील.

दुसरं जास्त अवघड, कारण तिथे शत्रू कुणीच नाही. तुझा नवरा 'सांग ना, मी करतो' म्हणतो आणि सांगितलं की करतोही, असं मी धरून चालते. पण सासूबाईंच्या गोळ्यांचं घे. पाकीट गुरुवारी संपणार हे सोमवारी कुणाच्या लक्षात येतं? डॉक्टरांची चिठ्ठी जुनी झाली, दुकानदार कुरकुर करणार, म्हणजे आधी दवाखान्यात जायला हवं, ते बुधवारी बंद, हे कोण जुळवतं? तू. चार दिवस ते डोक्यात वागवल्यावर तू त्याला सांगतेस आणि तो दहा मिनिटांत गोळ्या आणून टेबलावर ठेवतो. त्याच्या हिशेबी त्याने काम केलं, खोटं नाही ते. तुझे चार दिवस कुठल्याच खात्यात दिसत नाहीत.

म्हणून फुटकळ कामं सांगणं बंद कर. मुळापासून शेंड्यापर्यंत एकेक काम देऊन टाक. गॅसचं बिल, लाइटबिल, महापालिकेचा वेरा म्हणजे घरपट्टी, स्कूटरचा विमा, मुलीची फी: हे त्याचं. लक्षात ठेवणंही त्याचंच. यांतलं कुठलंच काम ठरावीक वेळेला बांधलेलं नाही, म्हणून मुद्दाम निवडलं. पाळीवर जाणाऱ्या माणसाला 'रोज सकाळी दूध आण' सांगितलंस तर तिसऱ्या दिवशी रात्रपाळी आडवी येईल आणि तू म्हणशील, बघा, मीच केलेलं बरं. बिल मात्र रात्री अडीचलाही भरता येतं.

आणि आता पथ्य. एखादं बिल चुकेल. दंड लागेल, लागू दे. तू 'भरलंस का रे?' म्हणालीस की काम फिरून तुझ्या पदरात पडलं असं समज. तुझ्या व्यवसायात एक दिवस उशीर म्हणजे पाप, त्यामुळे तुला हे जड जाणार याची मला खात्री आहे. म्हणूनच चुकलं तर कुणाच्या जिवाशी येणार नाही अशा कामांपासून सुरुवात.

गोळ्यांचं तसं करून चालणार नाही. तिथे सासूबाईंनाच विचार. सात वारांच्या सात खणांची प्लास्टिकची डबी औषधाच्या दुकानात मिळते. 'आई, तुमच्या गोळ्या तुम्हीच रविवारी डबीत भरून ठेवाल का? माझ्याकडून कधीकधी गडबड होते, तुम्ही जास्त नीट कराल.' नात शेजारी बसून चिठ्ठीशी एकदा ताडून बघेल. सासूबाईंची स्मरणशक्ती खरंच खालावत असेल तर गोष्ट वेगळी, मग हे डॉक्टरांच्या कानावर घाल. पण ज्या बाईला चुलतसासऱ्यांच्या श्राद्धाची तिथी पंचांग न बघता सांगता येते, तिला सकाळची बीपीची गोळी आठवेल. खूपदा आपण म्हाताऱ्या माणसांच्या हातातून एकेक काम काढून घेतो, आणि वर ती दिवसभर सूचना करतात म्हणून वैतागतो. त्यांच्याकडे आता सूचनाच उरलेल्या असतात.

विश्वामित्रीचं मात्र मी थट्टेवारी नेणार नाही. धोक्याची पातळी २६ फूट, आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. तुझ्या फ्रिजमध्ये, कपाटात गेलं. ज्याच्या घरात असं पाणी शिरलंय त्याला 'उगाच घाबरतेस' म्हणणारा बहुतेक तिसऱ्या मजल्यावर राहतो. तुझी भीती खरी आहे, फक्त तिला दिवसभर ड्यूटी दिलीस ते चुकलं. पातळी बघितल्याने नदी उतरत नाही. एका रविवारी तिघं-चौघं मिळून तयारी करा: महत्त्वाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर, फ्रिजखाली उंच चौथरा, गोळ्यांचा पंधरा दिवसांचा जादा साठा, वरच्या मजल्यावर कुणाकडे जायचं ते आधीच बोलून ठेवणं, स्कूटर कुठे न्यायची ते ठरवणं. हे झालं की नियम: काळ्या घोड्याजवळच्या पुलापाशी नदीची पातळी आणि आजवा तलावाचा आकडा सकाळ-संध्याकाळ एकेकदा बघायचा. एक आकडा ठरवून ठेव, समज १८ फूट. त्याच्या खाली असेल तर मोबाइल खाली. वर गेला किंवा प्रशासनाचा इशारा आला, तर तासातासाला बघ, मी आडवी येणार नाही. आणि ज्या ग्रुपवर मागच्या पुराचे व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून फिरतात तो पावसाळाभर म्यूट कर. विश्वामित्रीतली मगर खरोखर तुमच्या सोसायटीत आली तर तुला ग्रुपशिवायही कळेल.

चिंतेचंही असंच करता येतं. मानसशास्त्रात जुनी रीत आहे: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त चिंता करायची, आणि एरवी आली तर 'साडेसहाला बघू' म्हणून पुढे ढकलायची. ऐकायला वेडगळ वाटतं. पण तुझ्याकडे अर्धा तासही नाही, म्हणून तुला याचं धाकटं भावंड देते. झोपण्याआधी पाच मिनिटं कागदावर उद्याची कामं लिही, मोबाइलवर नको. २०१८ साली अमेरिकेतला एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ज्यांनी झोपताना पुढची राहिलेली कामं लिहिली त्यांना, केलेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. जितकं बारीकसारीक लिहिलं तितकी लवकर. 'टीडीएस' असं नुसतं लिहू नकोस. 'अमुक पार्टीला अकरा वाजता फोन, चलनाची कॉपी मागायची' असं लिही. तीनला जाग आली तर घड्याळ बघायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं झाली असं वाटलं तर उठून मंद दिव्यात बस, काही आठवलं तर त्याच कागदावर खरड, डोळे जड झाले की परत जा. अंथरुणात तळमळत हिशेब जुळवू नकोस. तीन वाजता कुठलंच ट्रायल बॅलन्स टॅली होत नाही.

चहाचं थोडक्यात. ऑफिसात संध्याकाळी पाच-सहाला चहा होत असणार, आणि कॅफीनचं अंगातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच-सहा तास लागतात. चारनंतर चहापत्ती नको. गवती चहा, पुदिना, आलं दुधात उकळून घे, आपल्याकडे नाहीतरी चहापेक्षा त्याचाच वास जास्त असतो.

श्वासाचंही तेवढंच. सिग्नलला थांबलीस की श्वास जितका आत घेतेस त्याहून सावकाश बाहेर सोड, चार-पाच वेळा. बाहेर सोडताना हृदयाचा वेग उतरतो. वेगळा वेळ काढायला लागत नाही म्हणून सांगितलं, नाहीतर हेही बेरजेतच जमा.

एक काम मात्र वाढवायला सांगणार आहे आणि ते टाळू नकोस. फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर आणि बीपी बघून घे. तुझ्या वयात पाळी बंद होण्याआधीची वर्षंही सुरू झालेली असू शकतात. पहाटे जाग, चिडचिड, अंगातून एकदम वाफा, विसरणं हे त्यातही येतं. पाळीच्या तारखा पुढेमागे होत असतील तर आपणहून सांग, डॉक्टर विचारतीलच असं नाही. थायरॉइड बिघडलेलं असताना 'माझा स्वभावच चिडका झालाय' म्हणत बसलेल्या बायका मी कमी पाहिलेल्या नाहीत.

आणि हे सगळं करूनही दोन-तीन आठवडे रोज उदास वाटत राहिलं, कशातच रस वाटेना, छातीत धडधड होऊन जीव घाबरायला लागला, किंवा नकोच हे जगणं असं मनात आलं, तर थांबू नकोस. मानसोपचारतज्ज्ञाला भेट. सरकारची टेलीमानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, भाषा निवडता येते. रात्री तीनलाही लागतो.

बॅचचं म्हणशील तर सोडून दे. पैसे परत मिळत असतील तर माग, नसतील तर गेले. सोसायटीची वही हातातून गेली की रविवारची सकाळ मोकळी होईल, तेव्हा मुलीला घेऊन कमाटीबागेत एक चक्कर मार. पुढचं पुढे बघू.

यातलं काहीही उद्यापासून सुरू करू नकोस मात्र. वीस तारीख होऊ दे, ३बी भरून होऊ दे. एकवीसला ग्रुपवर तो सोसायटीचा मेसेज टाक. नवऱ्याशी बोलायचं ते त्याची रात्रपाळी संपल्यावर दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर, चहा देऊन.

– माई